एका नावेत दोन बॅटऱ्या

नाथसागर काठ, ता. नेवासा
१८ नोव्हेंबर २०२४

मोहियोद्दीनभाऊ,

रामराम. पत्र बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. फोनच करणार होते, पण मागच्या ईदला केला तेव्हा तुम्ही "कोण? कोण?" असं पाच वेळा विचारलंत, आणि मी घसा फोडून नाव सांगितल्यावर राँग नंबर म्हणून ठेवून दिलात. कान गेले ते गेले, पण रंगुबाईचं नावही गेलं म्हणायचं. तेव्हा आता पोस्ट बरी. सातवीपर्यंत शिकले, त्याचा कधीतरी उपयोग व्हायला हवा.

काम असं आहे. आमच्या आदिनाथनं नावेसाठी नवी बॅटरी घेतली आहे. निळी, लिथियमची. आपल्या जुनीच्या निम्मी आणि इतकी हलकी की मी एका हातानं उचलली. आधी मला वाटलं रिकामं खोकंच आहे. सोबत तिचा वेगळा चार्जर आहे.

जुनी म्हणजे तुमच्या सोनईच्या दुकानातून आणलेली शेवटची. तिच्यात आता दम राहिला नाही. पलीकडे गंगापूरच्या काठाला जाताना मोटार बरी चालते, येताना अर्ध्यावर कण्हायला लागते. मग मी वल्हं मारते. साठी उलटली, खांदे बोलतात. पण ती टाकवत नाही. यांनी स्वतःच्या खांद्यावर दुकानापासून टेम्पोपर्यंत आणि टेम्पोपासून नावेपर्यंत वाहिली होती ती. म्हणून विचारते, नवी आणि जुनी दोन्ही एकत्र कशा जोडायच्या तेवढं लिहून कळवा. लालला लाल आणि काळ्याला काळं, एवढं मलाही कळतं. त्याच्यापुढं काही असेल तर सांगा.

तुमच्या जुन्या दुकानात आता मोबाईलचे कव्हर मिळतात. परवा सोनईला बाजारात गेले होते तेव्हा दारात उभी राहिले, पण आत जावंसं वाटलं नाही.

रंगुबाई


श्रीगोंदा
२६ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

सलाम. साडेतीन वर्षांत माझ्या नावाचं पहिलं पत्र. मी बाल्कनीत बसलो होतो. मला इथे तेवढंच काम असतं. पोस्टमन तिसऱ्या मजल्यावर चढून आला, त्यानं हाका मारल्या असतील, शेवटी खांद्याला हात लावला. सुनबाई मेहविशला वाटलं बँकेची नोटीस आली. मी पाकीट फोडलं नाही, आधी नुसतं हातात धरून बसलो.

आता मुद्द्याचं. दोन्ही जोडू नका. लाल-काळं जुळलं म्हणजे सोयरीक जुळत नाही. जुनी शिशाची आहे. ती भरली की साडेबारा व्होल्टच्या थोडं वर उभी राहते. लिथियमची तेराच्या वर. दोघींना एका तारेवर बांधलं की नवी दिवसरात्र जुनीत करंट ओतत राहणार, आणि जुनी काही भरणार नाही, कारण तिचं पोटच फुटकं झालंय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते हेच. वर दोघींचा चार्जर वेगळा. शिशाच्या चार्जरवर लिथियम लावली तर तिचं नुकसान, उलट केलं तर जुनी उपाशी.

मी इथून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आदिनाथला सांगा, दोन्ही बॅटऱ्या रात्रभर सुट्या ठेव आणि सकाळी मीटर लावून आकडे कळव. तो आयटीआयचा पोरगा, त्याला अर्ध्या शब्दात समजेल. त्यानं स्वतः हे का विचारलं नाही याचंच मला नवल वाटलं.

तुम्ही दुकानाचं लिहिलंत. माझ्या सगळ्या शर्टांना अ‍ॅसिडची भोकं होती. इथं आल्यावर मेहविशनं ते शर्ट टाकून दिले, पोरगी प्रेमानंच वागली. आता बिनभोकाचे शर्ट घालून बसतो. उझैर सकाळी शुगर फॅक्टरीत जातो, संध्याकाळी येतो, दोन बोटं वर करून विचारतो, दोन पोळ्या खाल्ल्या का. मी मान हलवतो. दिवसभराचं आमचं बोलणं इतकंच. मला तो सकाळी शटर उघडल्यावर नाकात जाणारा आंबट वास हवा आहे, वहिनी. तुम्ही हसाल.

मोहियोद्दीन


नाथसागर काठ
५ डिसेंबर २०२४

मोहियोद्दीनभाऊ,

हसले नाही. तो वास यांच्या अंगाला यायचा, तुमच्याकडून आले की. मी म्हणायचे, आधी आंघोळ करा.

आकडे घ्या. आदिनाथनं मोजले. जुनी १२.७ आणि नवी १२.८. म्हणजे फरक कितीसा, चिमूटभर. एवढ्यावर तुम्ही दोन पानं खर्ची घातलीत. आणि मला एक सांगा, तुमच्या दुकानात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, लोकांच्या ट्रॅक्टरच्या, मंडपवाल्यांच्या जुन्या-नव्या तुम्ही सर्रास जोडून द्यायचात. "आधार देतो" म्हणायचात. मग आमच्याच नावेनं काय घोडं मारलं?

मला नुसती मोटार चालवायची नाही. घाटाच्या खांबावर दिवा आहे, नाव बांधली की तोही जुनीवरच चालतो. पूर्वी रात्रीपर्यंत जळायचा, आता आठला डोळे मिटतो. दोन्ही जोडल्या तर दहापर्यंत तरी जाईल, असा माझा हिशेब आहे. तुम्ही फक्त तार किती जाड घ्यायची ते कळवा.

आदिनाथ मजेत आहे. कामात असतो, म्हणून पत्र मी लिहिते.

रंगुबाई


श्रीगोंदा
१४ डिसेंबर २०२४

वहिनी,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं, आणि चौथ्या वेळी मला कळलं की हे आकडे कुणीही मोजलेले नाहीत.

१२.८ हा आकडा नव्या बॅटरीच्या स्टिकरवर छापलेला असतो. सगळ्या लिथियमच्या बॅटऱ्यांवर तो असतोच. मीटर लावला असता तर तेराच्या वर काहीतरी आलं असतं. आणि १२.७ हा तर माझा आकडा आहे. मीच तो पांढऱ्या मार्करनं जुनीच्या झाकणावर लिहिला होता, खाली तारीख घालून, ८-१-२१. गिऱ्हाइकाला देताना मोजून लिहायचं ही माझ्या उस्तादांची शिस्त. चार वर्षं वापरलेली, मोटार अर्ध्यावर कण्हवणारी बॅटरी आजही १२.७ दाखवत असेल, तर मी दुकान परत उघडतो.

तेव्हा तुम्ही झाकण वाचलंत, स्टिकर वाचलं आणि मला लिहून पाठवलंत. आदिनाथ असा आळस करणार नाही. ज्या पोरानं सोळाव्या वर्षी गावात पहिली बिनडिझेलची नाव करून दाखवली, तो मीटर न लावता आकडा सांगेल यावर मी विश्वास ठेवू? आदिनाथ कुठं आहे, वहिनी?

दुसरी गोष्ट. शेवटची फेरी सहाची असते, हे मला ठाऊक आहे. मग रात्री दहापर्यंत तो दिवा कुणासाठी लावायचा?

जोडणीचं पुन्हा सांगतो, कारण हे सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. मोटार नवीवर टाका आणि दिवा जुनीवर ठेवा. नावेच्या छपरावरचं सोलर जुनीला आणि खोक्यातला चार्जर नवीला. दोघींची एकही तार एकमेकींना लागू देऊ नका. एका नावेत दोन्ही राहू देत, एका तारेवर नकोत. दुकानात मी काय करत होतो ते विचारू नका. दुकानात मी चुकत होतो.

मोहियोद्दीन


नाथसागर काठ
२८ डिसेंबर २०२४

मोहियोद्दीनभाऊ,

माणसानं बॅटरीवाल्याशी खोटं बोलू नये, एवढा धडा मी घेतला.

आदिनाथ इथं नाही. चार वर्षं होतील संक्रांतीला. चाकणला आहे, बॅटऱ्यांच्याच कुठल्या कारखान्यात, असं गोरक्ष सांगतो. गोरक्ष म्हणजे शेजारचा जाळीवाला, तुम्ही त्याला ओळखता. त्याचा भाऊ तिकडं असतो. त्याच्याकडूनच आदिनाथला कळलं असणार की आई वल्हं मारते. मग ट्रान्स्पोर्टच्या टेम्पोनं खोकं आलं. मी सगळं उचकटलं, खालचा थर्माकोलसुद्धा काढून पाहिला. चिठ्ठी नव्हती. खोक्यावर कारखान्याचा पत्ता आणि पाठवणाऱ्याच्या जागी त्याचं नाव, टाइप केलेलं. मी ते नाव कापून ठेवलंय.

तुम्ही म्हणाल फोन कर. नंबर आहे. लावते, रिंग वाजते, आणि त्यानं उचलायच्या आत मीच कापते. उचलला तर काय बोलू?

हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही दहाव्याला नव्हता. त्या संक्रांतीच्या दिवशी हे आणि आदिनाथ पलीकडून येत होते. ऐन मधोमध मोटार थांबली. दोन बॅटऱ्या आदिनाथनं जोडल्या होत्या, तुमच्याकडची ही आणि तिच्याआधीची, आणि दोन्ही एकदमच मेल्या. त्याच वेळी यांच्या छातीत कळ आली. पोरगं एकटं वल्हं मारत आलं. काठाला नाव लागली तेव्हा हे गेले होते. दहाव्याला, पिंडाला कावळा शिवेना, सगळं गाव बघत बसलेलं, आणि मी पोराला म्हणाले, "तुझ्या वायरींनी माझा माणूस खाल्ला." तो काही बोलला नाही. तेरावं झाल्यावर पिशवी घेऊन गेला.

आता दिव्याचं. आमच्या घरातली रीत तुम्हाला ठाऊक नसेल. पलीकडच्या काठाला घरचं माणूस आलं की हाका मारायच्या नाहीत. पाण्यावरून हाक नीट येत नाही, वाऱ्यानं फाटते. टॉर्च दोनदा लावायची. इकडून खांबावरचा दिवा एकदा विझवून लावायचा. म्हणजे कळतं की पाहिलंय आणि नाव निघाली. सासऱ्यांच्या वेळी कंदील होता. दिवाच जळत नसला तर पलीकडच्याला वाटेल, घरी कुणी नाही, आणि तो परत जाईल. पुण्याकडून येणाऱ्या गाडीनं त्या काठाला पोचायला नऊ वाजतात. म्हणून दहा.

तुम्ही रागावाल, पण मी दोन्ही जोडल्या. आठ दिवस झाले. तुमचं पत्र यायच्या आधीच जोडल्या आणि मग सोडवल्या नाहीत. एक यांच्या हातची आणि एक त्याच्या हातची, मला वेगळ्या ठेवाव्याशा वाटेनात. दिवा दहापर्यंत लख्ख जळतो. तार तेवढी हाताला कोमट लागते, थंडीत बरं वाटतं. पलीकडून मात्र अजून काही नाही.

रंगुबाई


श्रीगोंदा
९ जानेवारी २०२५

वहिनी,

कोमट तार सोडवा. पत्र पुढं वाचण्याआधी उठा आणि सोडवा. मी इथं तोवर थांबतो.

खाई त्याला खवखवे. मी तुम्हाला दोन-दोन पानं का लिहीत होतो, ते आता सांगतो. हे सांगितल्यावर तुम्ही मला पत्र लिहिणार नाही हे मी धरून चाललोय.

८ जानेवारी २०२१ हा शुक्रवार होता. वैजनाथ आणि आदिनाथ दुकानात आले. जुम्म्याच्या नमाजची वेळ होत आली होती, मी शटर ओढायच्या बेतात होतो. नवी बॅटरी मी मोजली, झाकणावर आकडा लिहिला. वैजनाथनं ती खांद्यावर घेतली आणि टेम्पोकडे निघाला. आदिनाथ मागे थांबला. त्यानं विचारलं, "चाचा, आधीची बी नावंतच हाय. दोनी जोडल्या तर चालतील ना? का एकच ठिवू?" तो शिकलेला पोरगा, त्याला शंका आली होती म्हणूनच तो थांबला होता. आधीची बॅटरी आणून दाखव, तिच्यातल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी बघू, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "जोड रे बिनधास्त. जुनीला नवीचा आधार होतो. चाळीस वर्षं जोडतोय मी." आणि शटर ओढलं.

सहा दिवस जुनीनं नवीला प्यायलं. नवी काठावर भरलेली दिसायची आणि पाण्यात गेल्यावर रिकामी निघायची. वायरी आदिनाथच्या होत्या, पण अक्कल माझी होती.

मी मातीला आलो होतो, तुम्हाला आठवत नसेल. आदिनाथनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा सगळ्यांसमोर बोलणार. तो बोलला नाही. घरी येऊन मी स्वतःला समजावलं, पोराच्या लक्षात राहिलं नसेल. आज तुमच्या पत्रातून मला कळलं की दहाव्याला तुमचं ते वाक्य पडलं तेव्हाही तो बोलला नाही. "चाचांनी सांगितलं होतं" एवढे तीन शब्द त्याला पुरले असते. त्यानं ते गिळले आणि पिशवी उचलली. मी सत्तरीला आलोय, मला अजून इतकं मोठं होता आलेलं नाही.

उझैरनं आग्रह केला म्हणून दुकान बंद करून श्रीगोंद्याला आलो, असं मी सगळ्यांना सांगत असतो. खरं असं की त्यानंतर कुणी दोन बॅटऱ्या घेऊन आला की मी त्याला दुसऱ्या दुकानाची वाट दाखवायचो. चार महिने असे काढले, मग शटर कायमचं ओढलं.

वैजनाथ माझा यार होता. त्याच्याशिवाय मी एकदाही पाण्यात पाय घातला नाही. त्या काठाची मला रोज आठवण येते, आणि यायचं तोंड नाही.

मोहियोद्दीन


श्रीगोंदा
२ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तुमचं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. मी माफी मागायला हे कार्ड टाकत नाही. फक्त एका ओळीत कळवा की जोडणी सोडवली. ओळही नको, कोरं कार्ड टाका, मी समजून घेईन.

मोहियोद्दीन


नाथसागर काठ
१९ मार्च २०२५

मोहियोद्दीनभाऊ,

मी जोडणी सोडवली नव्हती.

तुमचं पत्र वाचलं आणि चुलीत घालायला उठले होते. इतका राग मला त्या दहाव्यालाही आला नव्हता. चार वर्षं मी पोराला तोंड दाखवू शकले नाही आणि तुम्ही तिकडं बाल्कनीत बसून होतात. रागारागानं ठरवलं, ह्या माणसाचं काही ऐकायचं नाही. सोडव म्हणतो ना, मग नाहीच सोडवायचं. नाकावरच्या रागाला औषध नसतं, तुमचे मित्र मला नेहमी म्हणायचे.

मग परवा, सोमवारी. शाळेच्या सुरेखाबाई नावेत होत्या, दुपारची फेरी. मोटार चांगली चालली होती आणि एकाएकी गप्प झाली. निळी बॅटरी आपोआप बंद पडली आणि सगळा भार जुनीवर आला. जुनी एकदा गुणगुणली आणि संपली. भाऊ, जागा तीच होती. दगडाचा सुळका दिसतो ना डाव्या हाताला, त्याच्या समोर.

सुरेखाबाई घाबरल्या. मी म्हणाले, "बाई, वल्हं हाय. बसा निवांत." पण मीच उठले नाही. तिथं पाणी अगदी थांबल्यासारखं असतं. मी तशीच बसून राहिले आणि चार वर्षं जे बाजूला सारत होते ते माझ्यासमोर आलं.

यांना शेवगावच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं. डॉक्टर मला म्हणाले होते, "मावशी, पाच मिनिटांत सगळं संपलं असणार. दवाखान्याच्या दारात झालं असतं तरी अवघड होतं." मला सांगितलं होतं त्यांनी, माझा हात धरून. मधोमधून काठ मोटार चालू असतानाही दहा मिनिटं, आणि काठावरून दवाखाना तासाभराचा. मला फेरीचा वेळ माहीत नाही? तीस वर्षं त्या नावेत बसतेय. मोटार चालू असती तरी माझ्या दारात मेलेलाच माणूस उतरला असता. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण नुसतं असंच मरण आलं, कुणाची चूक नाही, हे मला सोसेना. माझ्यासमोर एक पोरगं होतं, मी त्याच्या अंगावर टाकलं.

तेव्हा तुमची चूक बॅटरीची आहे. माझी माणसाची आहे. तुमच्यापेक्षा मोठी माझी.

वल्हं मारत काठाला आले, सुरेखाबाईंनीही हात लावला. हात धुतले आणि आदिनाथला पत्र लिहिलं. डॉक्टरांचं लिहिलं. मला माहीत होतं हेही लिहिलं. तुमचं ९ जानेवारीचं पत्र त्याच पाकिटात घातलं. तुम्हाला विचारलं नाही. खोक्यावरचा पत्ता घातला आणि पोस्टात जाऊन स्वतःच्या हातानं टाकलं.

जोडणी अजून पुरती उकललेली नाही. पण आता रागानं नाही. ती सोडवायचं काम त्याचं आहे, म्हणून ठेवली आहे. निळी बॅटरी चार्जरला लावली तर पुन्हा जिवंत झाली, तेव्हा घाबरायचं कारण नाही. जुनीची तार मात्र निळीच्या टोकावरून मी काढून फडक्यात गुंडाळलीय, एवढं तुमचं ऐकलं. नवीवर आता मोटार चालते. दिवा कंदिलावर आणलाय, सासऱ्यांचा माळ्यावर होता.

रंगुबाई


श्रीगोंदा
२ एप्रिल २०२५

वहिनी,

तुमचं पत्र ईदच्या दिवशी हातात पडलं. घरात शीरखुर्म्याची गडबड होती. मी बाथरूममध्ये जाऊन वाचलं, कारण मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि मी किती मोठ्यानं रडतो ते मला कळत नाही. मेहविशनं दार वाजवलं असेल. बाहेर आलो तर सगळे उभे होते. उझैरनं माझ्या हातात वाटी दिली आणि शेजारी बसला. बराच वेळ बसला.

निळी बॅटरी बंद पडली कारण तिच्या पोटात पहारेकरी असतो. जुनीचं एक घर, म्हणजे आतला एक सेल, पूर्ण मेलं असणार, तिनं एकदम जास्त करंट ओढला, पहारेकऱ्यानं दार लावलं. तो नसता तर तार जळाली असती, आणि पाण्याच्या मधोमध लाकडाच्या नावेत. मी याच्यापुढे लिहीत नाही.

तुम्ही माझं पत्र आदिनाथला पाठवलंत, ते बरं केलंत. चार वर्षांत मला पोस्टाची वाट माहीत नव्हती असं नाही, धीर नव्हता.

त्याचं काही आलं का? मी आता सकाळी दहापासून बाल्कनीत असतो. पोस्टमन खालूनच हात हलवून नाही म्हणतो.

मोहियोद्दीन


नाथसागर काठ
२० एप्रिल २०२५

मोहियोद्दीनभाऊ,

त्याचं पत्र आलं नाही. पंधरा दिवस वाट पाहिली, मग मी पोस्टमनला विचारणं सोडून दिलं. कंदील मात्र रोज लावत होते.

काल शनिवारी साडेसातच्या सुमारास भाकरी थापत होते. दारातून पलीकडे सहज नजर गेली आणि टॉर्च लागली. एकदाच. मला वाटलं कुणी मासे धरणारा असेल. मग दुसऱ्यांदा लागली.

कंदील विझवून पुन्हा लावायचा असतो. माझ्या हातून काडीच पेटेना, चार काड्या मोडल्या. त्याला वाटलं असेल आई नको म्हणतेय. पाचवी पेटली. तवा तसाच ठेवून मी नाव सोडली. मोटार लावली नाही, वल्ह्यानंच गेले. का ते सांगता येत नाही, मला माझ्या हातांनी जायचं होतं.

काठावर एक बाप्या उभा. मी पोराची वाट पाहत होते, आणि हा दाढी ठेवलेला, यांच्याच उंचीचा बाप्या. तो नावेत चढला, माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं. मी चार वर्षं घोकलेलं वाक्य म्हणाले, "आदिनाथ, माझं चुकलं." तो म्हणाला, "आई, जरा डावीकडं सरक. पानी कमी झालंय, खडक हाय फुडं." मग सुळक्यासमोर आल्यावर त्यानं वल्हं थांबवलं, पाण्यात हात घातला आणि तोंडावरून फिरवला. म्हणाला, "मला ठाव हुतं. डॉक्टर मला बी बोलले हुते." मी विचारलं, मग बोलला का नाहीस. तर म्हणाला, "तुला कुनावर तरी टाकायचं हुतं. चाचांवर टाकलं असतंस तर त्यांना दुकानात बसता आलं नसतं."

तुम्हाला तरी कुठे बसता आलं, भाऊ. तो बसला नाही, तुम्ही बसला नाहीत, आणि मी तेवढी इथं दिवा लावून बसले.

आज सकाळी त्यानं सगळं तुम्ही लिहिलं तसंच केलं. तुमची पत्रं समोर उघडून ठेवली होती. मोटार नवीवर टाकली. जुनीतलं मेलेलं घर बघून म्हणाला, ही आता मोटारीच्या काय, दिव्याच्याही कामाची नाही. मी तोंड फिरवलं. मग तासाभरानं बघते तर त्यानं ती रिकामी करून, धुऊन, नावेच्या मागच्या टोकाला फळीखाली बसवलेली. म्हणाला, निळी हलकी पडते, नाव पुढून जड होते, मागं वजन लागतं. खरंच लागतं की माझ्यासाठी म्हणाला, ते मी विचारलं नाही. झाकण त्यानं पुसलेलं नाही. तुमचा आकडा तसाच आहे. दिव्याला एक छोटी बॅटरी वेगळी आणलीय त्यानं, सोबतच आणली होती.

तो उद्या परत जाणार आहे. तिकडं त्याचं काम आहे, खोली आहे. मी राहा म्हणाले नाही. जीव राहा म्हणत होता. पोळ्याला येतो म्हणालाय.

काल आम्ही काठाला आलो तेव्हा नऊ वाजले होते. मी कंदील काढला आणि फुंकर मारून विझवला. थोड्या वेळानं गोरक्ष धावत आला. कंदील लावायला लागल्यापासून पहिल्यांदा त्याला नऊलाच खांबावर अंधार दिसला होता. म्हणाला, "रंगुकाकू, काय झालं? रॉकेल संपलं का?" मी म्हणाले, "न्हाई रं. रॉकेल लई हाय. पोरगं आत जेवतंय."

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. आदिनाथ चाकणला जाताना वाट वाकडी करून श्रीगोंद्यावरून जाणार आहे, त्याच्याच हातात देतेय. म्हणजे तुम्ही इथपर्यंत वाचत आलात तेव्हा तो तुमच्या बाल्कनीत समोर उभा असेल. पत्र वाचून होईपर्यंत काही बोलू नको असं मी त्याला सांगितलंय. आता ठेवा हे खाली, भाऊ. त्याला मोठ्यानं बोलायला सांगितलंय.

रंगुबाई